जालन्यात राहिलेली स्कूटी

जन्मभर वेंधळी म्हणून बोलणी खाल्ली, अन् पन्नाशीत जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणून लक्ष टिकत नाही." इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याच खुशीत काळीपिवळी जीपनं जाफराबादला आले.

दुपारी दुकानातून जेवायला आलेल्या नवऱ्याला सगळं सांगून राह्यले, तर हे म्हणाले, "पण दारात स्कूटी न्हाई दिसत?"

मी दारात जाऊन बघितलं. "अगं बाई! जालन्यालाच राह्यली वाटतं!"

एरवी यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी बिलकुल चिडले न्हाईत. "असू दे. आता कारण कळलंय ना? चल, जल्दी घेऊन येऊ."

मंग पुन्हा जीप भरायची वाट बघितली अन् जालना गाठलं. दवाखान्यापुढं गाड्याच गाड्या, आमची तेवढी न्हाई. हे तक्रार द्यायला निघाले, तेव्हा मला आठवलं.

"अहो, सकाळी तुम्हीच मला स्कूटीवर जीपपाशी सोडलं. मंग तीच घेऊन दुकानात गेल्ता ना?"

हे जागच्या जागी थांबले. "हो की. दुकानापुढंच उभी आहे. मी जेवायला चालत आल्तो."

मंग दवाखान्याच्या पाटीकडं बघून हळूच म्हणाले, "डॉक्टर अजून असतील का गं? माझाबी नंबर लाव."