झडीखालची काच

माझं माहेर पाटणच्या वरल्या अंगाला, आन सासर त्याच्याबी वर, म्हंजे जन्मल्यापासनं नुसती चढतच आले मी. धनगराची सात घरं आमची, रस्ता न्हाई, खाली उतराय दोन तास लागत्यात, आन पावसाळ्यात वढा आला की झालं, चार-चार दिस आमी वर आन जग खाली. सासूनं मला बाळंतपणं शिकिवली. शिकिवली म्हंजे काय, माझा हात धरून पोटावर फिरवायची आन म्हनायची, बोटानं बघ गं. चिमणीला धूरच जास्त, उजेड कितीसा, म्हनून आमी बोटानंच बघायचो.

धरणाची वीज आमच्या डोक्यावरनंच जाती बरं का ताई, ह्ये मोठाले टावर, तारा घूं घूं करत्यात, पर आमच्यात एक दिवा न्हाई. मग पंचायत समितीचं सायब आलं, म्हनलं सूर्याच्या दिव्याची योजना हाय, थोडं तुमी घाला, बाकीचं सरकार घालतंय. निळी काच, बॅटरी, दिव्याची नळी, समदं माणसांनी डोक्यावर चढिवलं. काच छपरावर बसिवली. पैल्या दिशी दिवेलागणीला बटण दाबलं आन आवं काय सांगू तुमाला, घराचा कोपरान् कोपरा दिसाया लागला, मी पदर घिऊन हात जोडलं, मग वर बघितलं तर आढं काजळीनं काळं कुट्ट, एवढी वर्सं त्याच घरात राहिले आन मला ठावंच न्हाई. लाज वाटली बघा, दुसऱ्या दिशी पैलं छप्पर झाडलं.

सायब सांगून गेलं हुतं, काचंवर सावली येऊ दिऊ नका. पर आमच्यात रीत हाय, मिरगाच्या आदी समदं घर झडीनं, म्हंजे गवताच्या ताट्यांनी, झाकायचं, न्हाईतर भिंती ऱ्हात न्हाईत. आमच्या मालकांनी घर झाकलं आन काच बी झाकली. म्हनलं, सरकारची वस्तू हाय, भिजाया नगं, आन तसं बी चार महिनं सूर्य कुठाय. मला बी पटलं की! चार दिसांत दिवा विझला, आमी म्हनलं आता दिवाळीला लागंल.

त्याच पावसात सुनंचं दिस भरलं. पहाटंपासनं कळा, वढा दुथडी, खाली न्यायाची सोय न्हाई, आन पोर पायाळू हाय ह्ये माझ्या बोटांनी वळाखलं. लोकांची बाळंतपणं मी बोटांच्या भरवशावर केली, पर ही माझ्या सख्ख्या भावाची लेक. मालकांला म्हनलं, वर चढा आन ती झड काढा. त्ये म्हनलं, अगं ऊन कुठाय, धुक्यात हाताला हात दिसंना. मी म्हनलं, तुमी चढताय का मी चढू? चढलं आन झड वढून काढली. दिवसभर काच पावसात न्हात हुती. दिवेलागणीला भीत भीत बटण दाबलं, नळी दोनदा फडफडली आन लागली. ताई, आठ दिस आमी सूर्याचं त्वांड बघितलं नव्हतं, आन त्यो धुक्यामागं हुताच की वो, रोज येऊन जात हुता! मालक हात जोडून खालीच बसलं.

तेवढ्या उजेडात पोर आलं, पाय, मग धड, मग डोकं. पोरगी. निळी, गार, आवाज न्हाई. छातीवर बोट ठिवलं, काय लागंना. माझी बोटं म्हनली, गेली. पर डोळा म्हनला थांब, बरगडीखाली कातडं इवलंसं हालत हुतं. मी तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुकलं, पुन्ना चोळली, मग ती त्वांडापासनं लाल होत गेली, छाती, पोट, आन मग रडली. रडणं मी लय ऐकलं, पर जीव अंगात कसा भरतो ह्ये त्या दिशी बघितलं.

आता ती पळती, उंबऱ्यात बसून पाटी गिरवती. सरकारचं भलं व्हवं, त्या सायबाच्या लेकराबाळांचं भलं व्हवं. पर तिच्या आदी, ताई, दोन बाळंतपणांत लेकरांचं माझ्या बोटांनी असंच सांगितलं, गेली म्हनून, आन चिमणीच्या उजेडात मी ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठिवली. त्यांची बरगडी कुणी बघितली?