मिलिटरी आधी का पोलीस

आमचं गाव किल्लारीजवळ, म्हंजे नवं गाव, भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं, रस्ते सरळ आन रुंद, माणसं कमी आन रस्ते जास्ती असं आमचा बाप म्हणायचा, आन त्याच रस्त्यावर मी पळायला शिकले. बाप जीप चालवायचा, किल्लारी ते औसा, औसा ते लातूर, थोडं रान व्हतं ते आई बघायची. आम्ही दोघी बहिणी, अक्का थोरली, मी धाकटी, संगीता नाव पण सगळे संगीच म्हणतेत. भाऊ न्हाई. भाऊ न्हाई म्हून आईनं लई मार खाल्ला बापाचा, बाप पिऊन आला की आधी जीपचा दरवाजा आपटायचा, त्या आवाजावरनं आम्ही वळखायचो आज किती चढलीय, आन अक्का मला घेऊन शेजारी जाऊन बसायची. अक्का म्हंजे गरीब गाय हो, कुणी पाय दिला तर तीच म्हणणार तुमच्या पायाला लागलं तर न्हाई ना. आन मी? मी म्हंजे काय सांगू तुम्हाला ताई, नाकावरच राग.

नववीत व्हते, बसमधी एका पोरानं माझी वेणी ओढली, एकदा ओढली, दोनदा ओढली, तिसऱ्यांदा मी जेवणाचा डबा घातला त्याच्या तोंडावर, स्टीलचा डबा, समोरचा दात गेला, रक्तच रक्त, माझी भाकर बी रक्तात पडली, आन कंडक्टरनं उतरवलं कुणाला, तर मला. घरी बापानं धुतलं ते धुतलंच, वर दुसऱ्या दिवशी जीपमधल्या पॅसिंजरांना सांगत बसला, आमच्या संगीनं दात पाडला बरं का एकाचा, असा छाती फुगवून. असला माणूस.

अक्काचं लगीन लवकर उरकलं. लई लांब दिली तिला, धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून गाव हाय, लातूरहून नांदेड, तिथून रेल्वे, मुदखेडला गाडी थांबून थांबून जीव नकोसा करती, तवा कुठं धर्माबाद, आन पुढं परत ऑटो. दाजी, म्हंजे अक्काचा नवरा, मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर कामाला. गोरागोमटा, बोलायला गोड, बापाला वाटलं हिरा घावला. हिरा! पहिल्याच वर्षी हिऱ्यानं तिचा कान फोडला, आज बी तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. भाजीत मीठ कमी म्हून मारलं, जास्ती म्हून मारलं, लेकरू न्हाई म्हून मारलं, आन काहीच न्हाई घावलं तर माझ्याकडं अशी कामून बघती म्हून मारलं. माहेरी सांगितलं तर बाप म्हणायचा, निभावून घे. त्यो दुसरं काय म्हणणार, त्यो स्वतःच तसला.

मला पोलीस व्हायचं व्हतं ते तिच्यापायीच, त्यात लपवायचं काय. बारावी झाल्यावर लातूरला भरतीच्या अकॅडमीत गेले, आमच्याकडं शेतातलं काम करून पोरं-पोरी भरतीच करतेत, दुसरं काय हाय. अकॅडमीचे सर मिलिटरीतून रिटायर झालेले, आवाज असा की ग्राउंडच्या त्या टोकाचं कुत्रं बी सावधान व्हायचं. त्यांचा पहिला नियम पळायचा नव्हता, गोळा फेकायचा नव्हता. पहिला नियम हा, की भरतीवाल्यानं हात उचलायचा न्हाई. गावात भांडण लागलं, बांधावरनं कुऱ्हाडी निघाल्या, वरातीत दगडं चालली, भरतीवाल्यानं तिथून पळून जायचं, बाप मार खात असंल तरी पळून जायचं. कारण एक गुन्हा दाखल झाला, खोटा का असेना, की चारित्र्य पडताळणीत तुझं नाव कटलं, मग फीर आयुष्यभर केस लढत. तुम्हाला खोटं वाटंल पण आमच्या गावात भांडण सुरू झालं की पहिली पळतेत ती सगळ्यात तगडी पोरं, लोक हसतेत, भरतीवाले पळाले रे म्हणतेत. आन ज्याला कुणावर डूख धरायचाय त्यो बरोबर भरतीवाल्याच्याच घरावर दगड टाकतो. त्याला ठावं असतं, हा उलटून मारणार न्हाई.

मी दोन्हीकडं फॉर्म भरला व्हता, मिलिटरी बी आन पोलीस बी. मिलिटरीचं आधी झालं. चार वर्षांचं असतं बघा आता ते, अग्निवीर, पोरींना मिलिटरी पोलिसात घेतेत. मी पळाले, उडी मारली, मेडिकल झालं, नाव लागलं, जायची तारीख आली. बापानं जीपमधी पेढे वाटले. सर म्हणले, संगे, डोळे झाकून जा, चार वर्षं रगडून घे, परत आलीस की पोलिसात जा, तवा वय बी असंल, अंग बी तयार असंल, आरक्षण बी मिळंल. सगळ्यांचं एकच, आधी मिलिटरी, मग पोलीस. मला बी पटलं व्हतं. बॅग घेतली व्हती, हिरवी, अजून हाय.

जायच्या आधी पंचमी आली. पंचमीला लेकीला माहेरी आणतेत आमच्याकडं, बाप म्हणला मला भाडं हाय, तूच जा. गेले. अक्कानं दार उघडलं तर डोळ्याला ओलं फडकं बांधलेलं. मी म्हणलं डोळे आले का गं. ती भिंत धरत पाणी आणायला आत गेली. शेजारची म्हातारी, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलायची ती, तिनं मला बाजूला घेतलं, म्हणली अय्यो पोरी, मोंढ्यातून आला, तिखटाचे हात तसेच, तिचं मुंडकं भिंतीला दाबलं आन डोळ्यात चोळलं, गुरासारखी वरडली गं, कुणी गेलं न्हाई. मी बी गेले न्हाई, म्हणली म्हातारी.

दाजी आत जेवून राहिला व्हता. मी म्हणलं दाजी हे काय केलं. त्यो हसला. हात धुतला, पुसला, सावकाश उठला, अक्काच्या झिंज्या धरून तिला माझ्यासमोर आणलं आन दिली एक कानफटात. मला म्हणतो, मार की. मार मला, संगे. एक बोट लाव, आत्ता ठाण्यात जातो, मेव्हणीनं घरात घुसून मारलं म्हणतो, डोकं मी माझं फोडून घेतो भिंतीवर, मग बघू तुला कोणती मिलिटरी घेती आन कोणते पोलीस. दुसरी मारली. तिच्या नाकातून रक्त आलं. म्हणतो, मार की गं, भरतीवाली ना तू. तिसरी मारली. माझी मूठ वळली व्हती ताई, हात उठला व्हता, बाजूला वरवंटा पडलेला त्याच्यावर माझी नजर गेली व्हती, त्या वक्ताला मी त्याचा जीव घेतला असता आन सुखानं जेलात बसले असते. पण अक्का, दिसत नव्हतं तिला, चाचपडत आली, माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, म्हणली संगे हात खाली. तुझ्या पाया पडते, हात खाली घे. आन घेतला मी खाली. तिच्या नाकातलं रक्त माझ्या बोटांवर, आन मी हात खाली घेऊन उभी.

तिला घेऊन ठाण्यात गेले. कोणतं ठाणं ते सांगणार न्हाई, आता माझीच माणसं हायत ती. तिथं एक साहेब व्हते, म्हणले घरचा मामला हाय, घरात मिटवा, आन मला म्हणले तू भरती करून राहिलीस ना, मग कशाला यात पाय घालतीस. अक्काच म्हणली चल. दाजीनं काय तिला पंचमीला पाठवलं न्हाई. मी एकटीच परत.

त्या रेल्वेत माझं ठरलं. मिलिटरीत गेले तर चार वर्षं, कुठं काश्मीर कुठं आसाम, ह्यानं तिला मारून टाकलं तरी मला फोनवर कळायचं. पोलिसात गेले तर इथंच, वर्दी घालून त्याच्या दारात उभी राहीन, मग बघू कोण कुणाला म्हणतं मार की. घरी आले, म्हणलं मी मिलिटरीत जात न्हाई. बापानं पट्टा काढला. आई मधी आली तर तिला बी बसला, बकलाचा वण अजून हाय तिच्या खांद्यावर. गावात पेढे वाटले गं, म्हणायचा आन मारायचा, पेढे वाटले. मी हलले न्हाई. सरांना फोन करून सगळं सांगितलं तर सर एवढे वरडले, अगं येडे, तू आधी आत शीर, एकदा आत शिरली की त्याचा डाव संपला, बाहेर राहशील तवर त्यो तुझ्या भरतीला धरून तुम्हा दोघींना नाचवंल. मी म्हणलं सर तुम्हाला बहीण न्हाई. आन फोन ठेवला. काय बोलले मी त्यांना, जाऊ द्या.

अक्काला फोनवर सांगितलं तर तिनं आधी विचारलं, आता काय जाता यायचं न्हाई का गं. मग म्हणली, बरं केलंस. जवळ राहशील.

पोलीस भरती पुढं ढकलली, परत ढकलली. झाली तवा आठशे मीटर चांगलं गेलं, गोळ्यात मार्क गेले, थोडक्यात नाव हुकलं. परत एक वर्ष ग्राउंड. सर फीच्या पैशाचं काय बोलले न्हाईत, फक्त म्हणले पळ. अक्काला फोन केला की म्हणायची मी बरी हाय, तू पळ. आवाज बोबडा यायचा कधी कधी, मी विचारलं तर म्हणायची दात दुखतोय. दोन दात पाडले व्हते तिचे. मी विचारायची तक्रार करू का गं, आता कायदे लई कडक झालेत, म्हणायची नको, तू आधी हो. आन मी बी म्हणायची हो, झालंच की, आता झालंच. दुसऱ्या भरतीत नाव लागलं. मेडिकल झालं, पडताळणी झाली, गावात पोलीस येऊन विचारून गेले, स्वच्छ. मग ऑर्डर हातात पडली.

पहिला फोन अक्काला. दुपारची वेळ. म्हणलं अक्का, ऑर्डर आली. ती म्हणली, पक्की ना? म्हणलं सही-शिक्क्याची हाय. म्हणली आता कुणी खोटंनाटं सांगून तुझं नाव काढू शकत न्हाई ना? म्हणलं न्हाई गं, आता सहजी न्हाई निघत. म्हणली, बरं. लई गोड झालं. ठेवते आता, ह्यांना वाढायचंय.

वाढलं तिनं. त्यो जेवायला बसला, कुणाचा फोन व्हता म्हून विचारलं, तिनं सांगितलं, तर तांब्या फेकून मारला, कपाळावर बसला. उठून यायला लागला तसं तिनं पाट्यावरचा वरवंटा घेतला. आमची अक्का, गरीब गाय. त्याचा उजवा हात भिंतीवर टेकला व्हता तिथं घातला, कोपराच्या खाली, हाड मोडल्याचा आवाज म्हातारीला पलीकडं ऐकू गेला. त्यो खाली पडला तर फरशीवर त्याच हाताच्या बोटांवर परत घातला, परत घातला. मग वरवंटा धुतला, जाग्यावर ठेवला, पदरानं कपाळ दाबलं आन चालत ठाण्यात गेली, म्हणली मी नवऱ्याचा हात मोडलाय, लिहून घ्या. ह्यावेळी लगेच लिहून घेतलं बघा.

मी पळत गेले. ठाण्यातली जमादारीण बाई भली व्हती, तिनं भेटू दिलं. मी रडत म्हणलं अक्का हे काय केलंस, मी येणारच व्हते ना आता. ती म्हणली, अगं पंचमीच्या त्या दिवशीच करणार व्हते, तुझी नजर वरवंट्यावर गेली तवाच ठरवलं व्हतं, हे तुझं काम न्हाई, माझं हाय. पण त्यो म्हणला व्हता, तू ब्र काढलास तर तुझ्या बहिणीवर गुन्हा टाकतो. म्हून थांबले तुझी ऑर्डर व्हायची. माझ्यावर गुन्हा झाला तर माझं काय जातंय, मला कुठं भरती व्हायचंय. आन हसली, समोरचे दोन दात न्हाईत.

जामीन झाला. दाजीचा हात तसाच वाकडा राहिला, दोन बोटं मिटत न्हाईत. तिनं बी त्याच्यावर केस केलीय, दोन्ही चालू हायत. तारखेला मी साध्या कपड्यात जाते, तिच्यासंगं बसते. त्यो माझ्याकडं बघत बी न्हाई, अक्काकडं बघतो, लांबून.

आता मी ड्युटीला, अक्का माझ्यासंगं पोलीस लाइनीत राहती, घर बघती, सांजच्याला लाइनीतल्या बायकांना शिवण शिकवती. मी कधी जेवताना विषय काढते, म्हणते अक्का, त्या साली मी मिलिटरीत गेले असते तर लवकर सुटली असतीस गं तू, सर म्हणले ते खरंच व्हतं. तर म्हणती काय तरीच, बरं केलंस थांबलीस, जवळ व्हतीस म्हून मला धीर व्हता. दर वेळी हेच. मला बी वाटायचं असंल.

परवा अकॅडमीतली एक पोरगी आली, सरांनीच पाठवली व्हती, औशाकडची, माझ्यासारखीच काळी-सावळी, चपळ. म्हणली ताई, मिलिटरीत नाव लागलंय, पण पोलीस भरती बी निघणार म्हणतेत, घरी आईकडं बघायला कुणी न्हाई, बाप लई मारतो तिला, मी थांबू का इथंच? मी विचार करून राहिले व्हते काय सांगावं. तवर आतून अक्का आली, हात पिठाचे तसेच, त्या पोरीला दंडाला धरलं आन म्हणली, जा बाई. आलंय ते घे आन जा, एक दिवस बी थांबू नको. तुझी आई तोंडानं थांब म्हणंल, तिचं ऐकू नको.

पोरीनं चहा घेतला, आमच्या दोघींच्या पाया पडली आन गेली. तिचं भलं होवो. अक्का आत जाऊन भाकरी थापत बसली, आन मी तिला काय बी विचारलं न्हाई.