कडेवर बसणारी बाहुली

(जुन्नरच्या पेठेतलं शिलाईचं दुकान. अकबर मशीनवर. त्याची बायको बिबिजान उंबऱ्याशी कापडी बाहुल्या मांडून बसलेली. मढ गावचे गेणभाऊ एक बाहुली कडेवर घेऊन उभे.)

गेणभाऊ : हीबी घसरती, भाभी. दुसरी द्या.

बिबिजान : चाचा, असं खांबासारखं उभं राहून कशी बसंल? पोरी कंबर बाहेर काढतात, तशी काढा.

गेणभाऊ : अशी?

अकबर : गेणभाऊ, समोरचा चहावाला बघतोय.

गेणभाऊ : बघू दे. त्याचं काय जातंय? ...गेली. घसरली बघा.

बिबिजान : अहो, मांडीवर घेऊन खेळायची बाहुली ही. निजवायची, न्हाऊ घालायचं. कडेवरच बसायला पाहिजे, हा हट्ट कशाला?

गेणभाऊ : नातीची कड रिकामी झालीय, म्हणून.

बिबिजान : म्हणजे?

गेणभाऊ : माझी लेक मोहिनी बाळंतपणाला म्हायेरी आली अन् लई आजारी पडली. दीड वरीस मढलाच व्हती. तिचं पोरगं कुणी संभाळलं? लेकाच्या पोरीनं, भागूनं. आठ वर्साची हाय. शाळा सुटली की दप्तर फेकायची अन् पोरगं कडेवर. डेअरीवर जायचं, पोरगं कडेवर. भांडायचं, तरी पोरगं कडेवर. आता मोहिनी बरी झाली. जावई आले अन् मायलेकरांना वारूळवाडीला घेऊन गेले.

बिबिजान : चांगलंच झालं की.

गेणभाऊ : चांगलंच झालं. पण मागं भागूला भेटायला नेली. नवा फ्रॉक घालून गेली. हात पुढं केले, तर पोरगं रडत त्याच्या आजीच्या पदराआड. वळखलंच न्हाई तिला.

बिबिजान : या अल्ला!

गेणभाऊ : तिथं रडली न्हाई. एस्टीत न्हाई. घरी आली, माझं मुंडासं गुंडाळलं, कडेवर घेतलं अन् अंगणात फिरत राह्यली. हाक मारली तरी जेवाय येईना.

बिबिजान : मग तेव्हाच नाही घेतली बाहुली?

गेणभाऊ : घेतली ना! पिलास्टिकची, डोळे उघडझाप करणारी. पण पाय ताठ. कडेवर घेतली की खाली. मला म्हनली, 'आबा, लई छान हाय,' अन् फळीवर ठिवून दिली. माझं मन राखलं पोरीनं.

बिबिजान : आणा इकडं ती हातातली. पाय उसवून फाकवते, बूड जड करते. अहो, ते जीनच्या पँटींचं कातरण द्या.

अकबर : दाबून भर. नाहीतर गोळा होऊन एका अंगाला जाईल.

गेणभाऊ : तांदूळ भरायचा का? घरचा आणलाय, तुमच्यासाठीच.

बिबिजान : उंदीर फाडून खातील हिला. तांदूळ आम्हीच खातो. हं, धरा. आता?

गेणभाऊ : हलकी हाय.

बिबिजान : आता?

गेणभाऊ : अजून... अजून घाला जरा. हां. हां, भाभी. नातू पहिल्यांदा दिला व्हता ना हातात, तवा एवढाच व्हता.

बिबिजान : भागूच्या हातात?

गेणभाऊ : भागू शाळंत असली की माझ्याकडंच असायचा. खांद्यावर मान टाकून निजायचा.

बिबिजान : मग कड काय एकट्या भागूचीच रिकामी नाही झाली.

गेणभाऊ : माझं काय, मी म्हातारा माणूस... हिला टोपडं घाला. अन् काजळाचा टिळा, कपाळाच्या ह्या अंगाला. त्याला लावायचो तसा.

बिबिजान : नको चाचा. त्याच्यासारखी नको करायला.

गेणभाऊ : का वो?

बिबिजान : ते मोहिनीचं लेकरू. आज नाही तर उद्या जाणारच होतं. हिला दोन वेण्या घालते, हिरवं परकर-पोलकं घालते. ही भागूची. हिला न्यायला कुणी यायचं नाही.

गेणभाऊ : ...घाला. वेण्या घाला.

बिबिजान : काळी लोकर बघा हो, वरच्या फळीवर.

अकबर : ही घे. रिबीन लाल लाव.

गेणभाऊ : अन् नाव?

बिबिजान : ते भागू ठेवील. तुम्ही मध्ये तोंड घालू नका. ...झाली. द्या, पिशवीत घालते.

गेणभाऊ : नगं. राहू द्या, अशीच खांद्यावर नेतो.

अकबर : मढपर्यंत? खांद्यावर? एस्टीत लोकं हसतील, राव.

गेणभाऊ : हसतील तर हसतील. पिशवीत कोंबून कोण नेतं का?

बिबिजान : चाचा, थांबा. मानेखाली हात धरा. अजून मान धरली नाही तिनं.