गार्गीचा तोबरा आणि मासोळीचा उपास

...आणि वर मलाच विचारतात, मासे आणलेस कशाला? लिफ्टमध्ये भेटलेली बाई विचारते, दूधवाला विचारतो, माझा नवरा किरण विचारतो, म्हणजे ज्याने स्वतः ती टाकी चौथ्या मजल्यावर चढवली तोही विचारतो. अहो, हौस म्हणून नाही आणले, औषध म्हणून आणले. तुम्हाला सांगते, ज्या घरात दोन वर्षं चार महिन्यांची मुलगी जेवत नाही ना, त्या घरात बाई काहीही आणते. मी सशाच्या तोंडाची ताटली आणली, जंताचं औषध आणलं, साक्रीच्या बाजूला कोणी अंगारा देतं म्हणे, तोही मागवला. मासे तर फार पुढचे.

मुलीचं नाव गार्गी. भरसभेत प्रश्न विचारणारी हवी म्हणून ठेवलं, आणि ही तोंडच उघडत नाही. वजन नऊ किलो नऊशे. दिवाळीत नऊशे, संक्रांतीला नऊशे. डॉक्टर म्हणाले, "खेळते ना? मग घाबरू नका. दीड महिन्याने आणा, नाहीच वाढलं तर रक्त तपासू." आता "घाबरू नका" आणि "रक्त तपासू" ही दोन वाक्यं एका दमात ऐकल्यावर कोणती आई फक्त पहिलं घरी घेऊन येईल? मी दुसरं घेऊन आले. फ्रिजवर तक्ता लावला, दीड महिन्याची तारीख लाल पेनाने गोल केली, आणि रोज सकाळी तो गोल बघून माझाच नाश्ता ताटात राहायला लागला.

बरं, मोबाइल दाखवून भरवायचं नाही, अशी मी माझ्या डोहाळेजेवणात चाळीस बायकांसमोर प्रतिज्ञा केलेली. एम.एस्सी. झूऑलॉजी, धुळ्याची, फर्स्ट क्लास. मी का मोबाइल दाखवीन? मी जिवंत प्राणी दाखवीन.

म्हणून मी फैसलभाईंच्या दुकानात गेले. फैसलभाई म्हणजे आमच्या जळगावातले मासेवाले, खायचे नाही, बघायचे. ते म्हणाले, "ताई, सिक्लिड न्या. आपलं बोअरचं जड पाणी बाकीच्या माशांना मारतं, यांना मानवतं." निळे नर, पिवळसर माद्या, आफ्रिकेतल्या तळ्यातले, तोऱ्यात फिरणारे. पहिले चार दिवस गार्गी टाकीसमोर बसून आ वासून बघायची, आणि आ वासला की मी घास आत. चार दिवस! मी आईला धुळ्याला फोन करून सांगितलंसुद्धा. पाचव्या दिवशी तिने माशांकडे पाठ केली आणि तोंड मिटलं.

परत फैसलभाई. ते म्हणाले, "पोरं कंटाळतात, ताई. नवीन काहीतरी टाका." आणि त्यांनी काढली एक जोडी. अंगावर काळे ठिपके, तोंडाला मिशा. "ही कोकिळा, ताई. कुकू कॅटफिश. सिक्लिडची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते, पिल्लं होईपर्यंत तोंडातच धरते. ती अंडी घालायच्या गडबडीत असली की ही मिशीवाली जोडी मध्ये घुसते, तिची चार अंडी खाते, आपली चार टाकते. ती बिचारी आपली समजून ती पण उचलते. घरच्या टाकीत जमलं तर बघा. आपल्याकडे अजून कोणी केलेलं ऐकलं नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कारण माझ्या आतली एम.एस्सी. झूऑलॉजी, जी दोन वर्षं लंगोट धूत होती, ती खडबडून उठून बसली. मी वही केली. पाण्याचं तापमान लिहायला लागले, दगड रचून कपारी केल्या, फुटकी कुंडी उलटी ठेवली. किरण म्हणाला, "तुला मुलगी जेवायला हवीये की माशांचं बाळंतपण काढायचंय?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. आता विचाराल, एकच कसं? तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

आणि एका दुपारी ते झालं. माझ्या हातात वरणभाताची वाटी, मांडीवर गार्गी, आणि टाकीत नर थरथरत गोल फिरतोय, मादी त्याच्यामागे, एक अंडं, उचललं, दुसरं अंडं, उचललं... आणि कुंडीतून ती मिशीवाली जोडी अशी घुसली, जशी लग्नात पंगत बसल्यावर बिनबोलावलेली माणसं घुसतात. खाल्लं, टाकलं, पसार. आणि ती मादी घाईघाईने सगळं उचलतेय, आपलं परकं काही बघत नाही, जे समोर दिसेल ते तोंडात. मी अशी गुंगले, अशी गुंगले की वाटीतला भात मीच खाल्ला.

त्या दिवसापासून मादीचा गळा फुगलेला आणि तोंड मिटलेलं. खाणं बंद. तीन आठवडे ती काही खात नाही हो, खाल्लं तर पिल्लं पोटात जातील म्हणून. मी गार्गीला कौतुकाने दाखवायची, "बघ, आई कशी बाळांना तोंडात सांभाळते. काही गिळत नाही." रोज दाखवायची. दोन्ही वेळेला. जेवताना.

चौथ्या दिवशी गार्गीच्या तोंडात घास गेला आणि तिथेच राहिला. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, डोळे शांत. पाच मिनिटं. अर्धा तास. मी म्हटलं, "गिळ बाळा." तिने मान हलवली आणि टाकीकडे बोट केलं. दीड तास तोबरा धरून ती घरभर फिरली, आणि मग कोपऱ्यात जाऊन तो भात हळूच जमिनीवर ठेवला. थुंकला नाही, ठेवला! त्याला हाताने थोपटलं.

जगात मुलांना जेवायला शिकवायला हजार प्राणी आहेत, हत्ती आहे, गाय आहे, बकरी तर दिवसभर खाते. आणि मी मुलीला भरवायला जिच्यासमोर बसवलं, ती अख्ख्या सृष्टीतली उपास करणारी बाई. एम.एस्सी. झूऑलॉजी.

त्यात रावेरहून सासूबाई आल्या, केळ्यांची फणी आणि नातीसाठी डिंकाचे लाडू घेऊन. पाय धुतले, टाकीकडे बघितलं. "काय वं पुनम, ह्या मासोळीले गालफुगी झाली का?" मी म्हटलं, "नाही आई, तिच्या तोंडात पिल्लं आहेत." "अन् खाते काय?" "काहीच नाही." सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी तिला मुद्दाम उपाशी ठेवलंय. "लेकुरवाळी बाई उपाशी ठेवतं का कोनी? तूच जेवत नई, पोरगी जेवत नई, अन् आता मासोळी बी नई. काय घर हाये का काय हे?"

मी आंघोळीला गेले. दहा मिनिटं. बाहेर येऊन बघते तर टाकीचं पाणी दुधासारखं, आणि सासूबाई झाकण उघडून शेवटचा तुकडा चुरून टाकतायत. डिंकाचा लाडू. खोबरं, खारीक, तूप, सगळं. "बाळंतिणीले ताकद पाह्यजे," म्हणाल्या. मग काय, आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बेबाबाई आणि मी, दोघींनी मिळून अठरा बादल्या पाणी उपसलं. वर तुपाचा तवंग. त्यातही ती मादी तोंड मिटून एका कोपऱ्यात उभी. तिने ना लाडू घेतला, ना पिल्लं सोडली.

संध्याकाळी मी सासूबाईंना खरं सांगितलं. की तिच्या तोंडात आता बहुतेक तिची पिल्लं उरलीच नाहीत. मिशीवाल्यांची अंडी आधी फुटतात, आणि ती पोरं तिथेच, तोंडातल्या तोंडात, हिची पोरं खातात. सासूबाई टाकीजवळ जाऊन वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिले सांगलं का कोनी?"

मी उठून फैसलभाईंना फोन केला, तर ते म्हणाले, "वाईट वाटतं तर जाळीत पकडा, हलकेच तोंड उघडा, पिल्लं काढून घ्या." मी म्हटलं, फैसलभाई, या घरातलं एक तोंड मला दोन वर्षांत उघडता आलेलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मादीने तोंड उघडलं. सहा पिल्लं. सहाही ठिपक्यांची, सहांनाही मिशा. आणि ती त्यांच्याभोवती फिरतेय, मोठा मासा जवळ आला की परत तोंडात घेतेय. किरण म्हणाला, "अगं, जमलं की तुझं! रडतेस काय?" फैसलभाई म्हणाले, "मुबारक, ताई." सहा पिल्लं, पहिल्या प्रयत्नात. मी वहीत तारीख लिहिली आणि तशीच गार्गीला घेऊन डॉक्टरांकडे गेले, कारण लाल गोल त्याच दिवशी होता.

काट्यावर ठेवलं. दहा किलो आठशे.

मी म्हटलं, "काटा बिघडलाय." डॉक्टरांनी परत ठेवलं. दहा आठशे. "छान," म्हणाले, "रक्त वगैरे काही नको. काय काय देताय?" काय सांगू? की गेल्या पंधरा दिवसांत माझ्या हातचं जे गेलं ते मी परत जमिनीवरून पुसून उचललंय? मी म्हटलं, "सगळंच देते."

घरी आले, आणि दार उघडणाऱ्या बेबाबाईंना आश्चर्याने सांगितलं, "बेबाबाई, हिचं वजन वाढलं हो, खात तर काही नाही." बेबाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "कसं नही खास, ताई? बठ्ठं खास. रोज मना डबामाईन खास ना ती."

खाते, आणि त्यांच्या डब्यातलं! म्हणजे मी सकाळी तासभर टाकीचं पाणी बदलत, तापमान लिहीत बसायची, तेव्हा माझी मुलगी मागच्या बाल्कनीत बेबाबाईंजवळ मांडी घालून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत खायची. विमान नाही, चिऊकाऊ नाही, ससा नाही. स्वतःच्या हाताने. आणि दुपारी मी वरणभात घेऊन बसले की पोट भरलेलं, म्हणून तोबरा. मासोळीकडून उपास-बिपास तिला काही शिकायचाच नव्हता. एम.एस्सी. झूऑलॉजी, आणि भरल्या पोटाचा प्राणी खात नाही, हे एवढं मला कळलं नाही.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. बेबाबाई म्हणाल्या, "तुम्हले मासासनी काळजी व्हती, ताई."

मी त्यांना पाटावर बसवून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी आईला विचारून विचारून कळण्याचं पीठ मळलं, भाकरी थापली, भरीत केलं, ताट वाढलं. गार्गीने बघितलं. ओठ मिटले.

मग मी काय केलं, ते तुम्हाला सांगते, पण सासूबाईंना नका सांगू. आता मी सहाला उठते, भाकरी करते, भरीत करते, आणि बेबाबाई आल्या की त्या भांडी घासायला बसल्यावर माझी भाकरी त्यांच्या डब्यात, त्यांच्या भाकरीखाली, गुपचूप सरकवते. बेबाबाईंना माहीत आहे, त्या तिकडे बघत नाहीत. गार्गी दोन्ही खाते. काही फरक करत नाही.

काल मात्र बेबाबाईंची सुट्टी होती. मी भाकरी सरळ ताटात वाढली, तर म्हणते कशी, "आई, तुझी नको. बेबाची दे." मी ताट उचललं, आत गेले, तीच भाकरी एका डब्यात घातली, झाकण लावलं आणि म्हटलं, "घे. बेबाबाईंनी पाठवलीये."