कोषातली आई

मंडळी, ऐका. आज एकच विचारतो. रडणाऱ्या लेकराला गप्प करायला खोटं बोललं, तर ते पाप की पुण्य? इतक्यात माना डोलवू नका. आधी नलिनीबाईंचं ऐका.

सीमेकडच्या एका खेड्यात दोन खोल्यांची शाळा. नलिनीबाई तिथं तिसरीला शिकवायच्या. फळ्यावर चित्र काढून मोकळं होणाऱ्यांतल्या नव्हेत त्या — रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी त्यांनी पानासकट काचेच्या बरणीत आणली. पोरं रोज बघायची. अळी खाई आणि फुगे — एकादशीला आपण फुगतो तशी. हसताय कशाला, साबुदाणा कुणी संपवला ते ठाऊक आहे मला.

एक दिवस अळी उलटी लटकली, तिचा हिरवा कोष झाला. पोरं म्हणाली, "बाई, मेली."

"मेली नाही रे. आत पंख फुटताहेत. दहा दिवस थांबा."

तिसऱ्याच दिवशी वर्गातल्या महानंदाची आई तापानं गेली. लिंगायत घर. त्यांच्यात पुरतात. माती लोटली, वर दगड रचले.

दहाव्या दिवशी कोष फाटला, फुलपाखरू निघालं. सगळी पोरं नाचली. महानंदा तेवढी बाईंच्या पदराशी आली. "बाई, आई पण कोषातच आहे ना?"

आता सांगा, काय बोलाल? "हो गं बाळ," बाई म्हणाल्या. पोर हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली. बाईंना वाटलं, पुण्य घडलं.

पुढं दोन दिवस महानंदा शाळेत नाही. तिसऱ्या दिवशी बाई घरी गेल्या, तर बाप शिवलिंगप्पा म्हणतो, "शाळेलाच येते की. दप्तर घेऊन जाते रोज."

बाईंना तो कोष आठवला. भर उन्हात त्या मसणवटीकडं धावल्या.

पोर तिथंच होती. आईवरचे दगड एकेक करून उपसत होती. नखं फुटलेली, बोटं रक्ताळलेली. म्हणाली, "दहा दिवस झाले, बाई. दगडांमुळं तिला निघता येत नाही. तो मोठा धरा ना."

बाई मातीत बसल्या. तिचे हात हातात घेतले. "महानंदा, मी खोटं बोलले. आई येणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

पोर रडली नाही. हात सोडवून घेतले आणि काढलेले दगड परत ठेवू लागली. बाईंनी मोठा दगड उचलला, तर म्हणाली, "तुम्ही नका ठेवू."

त्यानंतर ती शाळेत यायची. पण बाईंनी काहीही शिकवलं, की शेजारणीला विचारायची — "खरंय का हे?" बाईंना ऐकू जायचं. वर्षभर ऐकलं त्यांनी.

बाई वाईट होत्या का हो? नाही. मायाळू होत्या. पण लेकराचं रडणं आपल्याला सोसवत नाही, म्हणून आपण खोटं बोलतो. आपल्यासाठी बोलतो, आणि नाव मात्र त्याचं सांगतो.

तुमच्याही घरी असेल एखादं, दाराकडं बघत बसलेलं. "येतील हं" असं त्याला कुणी सांगितलंय? तुम्हीच ना? मग आज घरी जा. त्याला जवळ घ्या, खरं सांगा, आणि त्याचं रडून होईपर्यंत तिथून उठू नका.