माझ्या 'हो'वर विश्वास ठेवू नका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या स्पीच थेरपी विभागाच्या आमच्या बाई, समोर बसलेले माझ्यासारखे आजी-माजी पेशंट, त्यांना सांभाळून दमलेले नातेवाईक, आणि पहिल्या रांगेत बसून माझं भाषण माझ्याआधी संपवायच्या तयारीत असलेल्या आमच्या सौभाग्यवती, सर्वांना माझा नमस्कार. भाषण संपलं की हा पुष्पगुच्छ बाईंना द्यायचा, असं मला संयोजकांनी बजावलं आहे. तो मी घट्ट धरला आहे, काळजी नसावी.

माझं सलून आहे. उभा जन्म लोकांच्या माना माझ्या हातात आणि त्यांचे कान माझ्या तोंडाशी. गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, ही आमच्या धंद्यातली फार मोठी सोय आहे. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा घरचे रडले हे खरं. पण काही गिऱ्हाइकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हेही माझ्या कानावर आलं आहे. ती मंडळी मागे खांबाआड बसली आहेत. त्यांनी निर्धास्तपणे पुढे यावं.

अध्यक्ष महोदयांनी आत्ता फार सुंदर शब्दांत सांगितलं की बाईंनी मुक्या जिभा बोलत्या केल्या. त्यांचा पूर्ण मान राखून सांगतो, माझी जीभ ठणठणीत होती. गोंधळ होता वर, मेंदूत. म्हणजे वस्तू दिसते, तिचं काम कळतं, फक्त तिचं नाव काही केल्या सापडत नाही. आता सलूनमध्ये समोर भिंतीवर असतो ना, तो... गिऱ्हाईक त्यात बघतं, तो... थांबा. सौभाग्यवती, हात खाली. पंखा नाही. तो... आरसा. आला बघा. तर हे असं, आणि तेव्हा दिवसभर.

स्पीच थेरपीबद्दल आमच्या गल्लीत ज्याचं त्याचं स्वतंत्र मत होतं. शेजारच्या शिंप्याला वाटलं, तिथे भाषण ठोकायला शिकवतात. निवडणुकीला उभे राहताय की काय, असं त्याने मला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ते तोतऱ्या पोरांसाठी असतं, या एवढ्या घोड्याला काय बाराखडी शिकवणार. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्याशी ओरडून बोलायचा. अहो, वाचा गेली होती, कान कुठे गेले होते?

असो. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. 'हो'. काहीही म्हणायला तोंड उघडलं की 'हो'. पाणी हवंय, हो. पाणी नकोय, हो. आतली भानगड फक्त मला ठाऊक. घरच्यांना वाटलं, माणूस सुधारला.

आता विचार करा, जिला संसारात नवऱ्याकडून 'हो' फारसा कधी मिळाला नाही, तिच्यावर हा असा वर्षाव. "अहो, पडदे जांभळे घेऊ का?" हो. "माझ्या भावाला थोडे दिवस राहायला बोलावू का?" हो. पडदे अजून आहेत. भाऊही बराच काळ होता. आल्यागेल्याला सौ. कौतुकाने सांगायची, आजारपणाने यांचा स्वभाव किती गोड झालाय म्हणून.

मग एका दुपारी मेहुण्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अर्थातच ओरडून विचारलं, "दाजी, आता तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही. सलून विकून टाकू ना?"

मी म्हणालो, "हो."

तुम्ही हसलात, मी दोष देत नाही. आता मीही हसतो. पण त्या दुपारी, मंडळी, मी फार घाबरलो होतो. जीव तोडून 'नाही' म्हणावं, तर तितकाच मोठा 'हो' बाहेर पडत होता. मेहुणे म्हणाले, "बघ ताई, किती मनापासून म्हणताहेत." ते सलून मी एका खुर्चीपासून उभं केलं होतं. ते गेल्यावर वाचा परत येऊन तरी मी बोलणार कुणाशी?

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जायचं होतं. मेहुण्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की गिऱ्हाईक ठरलंय, दाजींनी स्वतः होकार दिलाय. बाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "तुम्ही पोस्टमन आहात का?"

"हो."

मेहुण्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या तुमच्या सासूबाई का?"

"हो."

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे डोकंच गेलंय यांचं. मग तर विकायलाच हवं."

"डोकं जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "शब्द चुकीचा येतोय. तोंडाकडे नका बघू, हाताकडे बघा."

माझा डावा हात, म्हणजे चालू होता तो, सदऱ्याच्या खिशात होता. सलूनची किल्ली मी आदल्या दुपारपासून मुठीत धरून बसलो होतो. बाईंनी मूठ बाहेर काढायला लावली आणि विचारलं, "ही मेहुण्यांना देता?" मी म्हणालो "हो", आणि मूठ पाठीमागे नेली.

सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती हळूच म्हणाली, "अहो, आणि पडदे?"

मी मूठ आणखी मागे नेली.

व्यवहार मोडला. लोक म्हणतात, थेरपिस्ट काय, नुसत्या गप्पा मारतात आणि चित्रं दाखवतात. या गप्पांमध्ये बाईंनी मला 'नाही' म्हणायला शिकवलं, आणि आमच्या सौ.ला प्रश्न विचारून गप्प बसायला. यातलं जास्त कठीण काय होतं, ते मी घरी जायचं असल्यामुळे सांगत नाही. पहिला स्पष्ट 'नाही' आला त्या दिवशी मी चहाला नाही म्हणालो, जेवणाला नाही म्हणालो, आणि उपाशी पण अत्यंत समाधानात झोपलो. सलून चालू आहे. उजवा हात अजून रुसलेला आहे, त्यामुळे कापायचं काम कारागीर करतो आणि बोलायचं खातं माझ्याकडे आहे. फक्त मन फार भरून आलं की अजूनही तो जुना 'हो' सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली आणि आपण सर्वांनी मला शब्द सापडेपर्यंत वेळ दिला, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात जिथे काही चुकलं असेल, तिथे योग्य तो शब्द आपापल्या मनात घालून घ्यावा. मनातच, सौभाग्यवती.

काल बाई सलूनमध्ये आल्या होत्या. म्हणाल्या, "मी गेल्यावर तुमचं नीट चालेल ना? मी जाऊ ना निर्धास्त?" मी गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून विषय बदलला. आज सगळ्यांच्या साक्षीने उत्तर देतो. हो, बाई. खुशाल जा. हो.

फक्त हा पुष्पगुच्छ पाठीमागे कसा गेला, ते मला विचारू नका.