दहाचं इंजेक्शन

इंजेक्शन बायकोला तुम्हीच देणार ना? — त्या बर्फाच्या पिशवीवरून ओळखलं. रात्री दहाची वेळ? आमचीही दहाचीच होती. बसा, मी भाचीबरोबर आले आहे, ती आत तपासणीला गेली आहे. तास-दोन तासांनी काय बिघडतं, असं वाटतं ना तुम्हाला? माझ्या मुलालाही तेच वाटलं. अहो, स्त्रीबीजं काय दर महिन्याला नवी घडतात? मुलगी आपल्या आईच्या पोटात असते, तेव्हाच ती तिच्या अंगात येऊन बसतात — अर्धी घडलेली, थांबलेली. वर्षानुवर्षं ईश्वर ती तशीच राखतो. या सुईने त्यांचं थांबणं सुटतं, शेवटचं पिकणं सुरू होतं, आणि डॉक्टर त्या वेळेपासून तास धरून ती काढून घेतात. लवकर काढली, तर कच्ची. सुनेची मुळात थोडीच उरली होती.

त्या रात्री तिचं डोकं फार दुखत होतं. ‘वेळ झाली की उठवा’ म्हणून ती पडली, आणि आमचे चिरंजीव बाहेर मित्रांबरोबर मॅच बघत बसले. संपली तेव्हा एक वाजून गेला होता. मग धावला. ती दचकून उठली — ‘वाजले किती?’ — ‘दहा,’ म्हणाला. तिला शंका आली असावी. दारातूनच तिने मला विचारलं, ‘आई, दहाच ना?’ मी प्रार्थनेला बसले होते, तिच्याचसाठी — मध्ये बोलत नाही मी — नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे... काय म्हणालात? नाही, मलाच वाटलं.

दोन दिवसांनी बीजं काढली, सगळी कच्ची निघाली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वेळ विचारली, तेव्हा मुलाने जमिनीकडे बघत खरं सांगितलं. ‘अहो, एक फोन करायचा,’ त्या म्हणाल्या, ‘काढायची वेळ पुढे नेली असती. उशीर चालला असता.’ सुनेने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पुढच्या खेपेला एकही बीज वाढलं नाही; नंतर डॉक्टरांनीच नको म्हटलं.

राहते ती आमच्यातच. भांडली नाही, माहेरी गेली नाही, वाढून देते, औषध हातात देते. पण दार लावलंय असं तो म्हणाला, तरी उठून कडी बघून येते. मी म्हणाले, तरी उठते.